पत्र कोणाचं घ्यायचं? एमडी-पीएचडीला अर्ज करणाऱ्यांसाठी शिफारसपत्रांची सगळी तयारी

फेब्रुवारी लागला की मला न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातून मराठी आईबाबांचे फोन यायला लागतात. "ताई, लेकीला एमडी-पीएचडीला अर्ज करायचाय. आमच्या ओळखीत एक खूप मोठे हार्टचे डॉक्टर आहेत. त्यांचं पत्र घेतलं तर चालेल ना?" मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात छोटी लॅब चालवते. दर उन्हाळ्यात माझ्याकडे काम केलेल्या मुलांसाठी पत्रं लिहिते, आणि प्रवेश समितीच्या टेबलाशी बसून इतरांनी लिहिलेली पत्रं वाचलीही आहेत. फोनवर अर्ध्या तासात जे सांगते ते दर वेळी अपुरं राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

त्या फोनवर मला पहिल्यांदा एक गैरसमज काढावा लागतो. आपल्याकडे 'शिफारस' या शब्दाला वशिल्याचा वास आहे. मोठ्या माणसाची चिठ्ठी नेली की काम होतं, ही समजूत इतकी खोल बसलेली असते की वीस-पंचवीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या माणसाच्या बोलण्यातही ती डोकावते. इथलं पत्र म्हणजे साक्ष आहे. साक्षीदार गावात कितीही मानाचा असला तरी त्याला पहिला प्रश्न हाच विचारला जातो, की घटना घडली तेव्हा तू तिथे होतास का? तुम्ही काम करत असताना जो माणूस त्या खोलीत होता, त्याचं पत्र घ्यायचं. हे एकदा पटलं की बाकीचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

आधी हे समजून घ्या: पत्रं कोण वाचतं

एमडी-पीएचडी म्हणजे डॉक्टरकी आणि संशोधनातली पदवी एकत्र. बहुतेकांना सात ते नऊ वर्षं लागतात. यातले अनेक कार्यक्रम एनआयएचच्या, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आरोग्य-संशोधन यंत्रणेच्या, अनुदानावर चालतात. एमएसटीपी नावाची ती अनुदान योजना १९६४ साली सुरू झाली. बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो. म्हणजे संस्था एकेका मुलामागे आठेक वर्षांचा पैसा आणि मार्गदर्शकांचा वेळ लावते. हा मुलगा किंवा मुलगी संशोधनात टिकेल का, मधल्या वर्षांत प्रयोग फसत राहिले तर सोडून जाईल का, ही त्यांची खरी काळजी असते. मार्क आणि एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचा स्कोअर याचं उत्तर देत नाहीत. ते पत्रांतून मिळतं.

अर्ज बहुतेक ठिकाणी दोन समित्यांसमोर जातो, एक मेडिकल प्रवेशाची आणि एक एमडी-पीएचडीची. पहिली समिती विचारते, हा माणूस चांगला डॉक्टर होईल का? दुसरी विचारते, हा शास्त्रज्ञ होईल का? तुमच्या पत्रांच्या गठ्ठ्याने दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायला हवं.

एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबाच्या) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याच्या) व्हिसावरच्या मुलांसाठी एक गोष्ट आधीच सांगते, कारण ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेली आपली कितीतरी घरं आहेत. एनआयएचच्या या प्रशिक्षण अनुदानातून फक्त नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच पैसे देता येतात. काही विद्यापीठं स्वतःच्या पैशातून बाहेरच्या मुलांना घेतात, काही अजिबात घेत नाहीत. पत्रांच्या मागे लागण्याआधी प्रत्येक कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर हे तपासा. लागलं तर कार्यक्रमाच्या ऑफिसला सरळ ईमेल करून विचारा. ते उत्तर देतात.

पहिली पायरी: एक कागद आणि चार रकाने

जानेवारीत, म्हणजे अर्ज करायच्या त्या वर्षाच्या सुरुवातीलाच, एक कोरा कागद घ्या. पहिल्या रकान्यात गेल्या तीन-चार वर्षांत ज्यांनी तुमचं काम पाहिलं त्या सगळ्यांची नावं लिहा. दुसऱ्यात त्यांनी नेमकं काय पाहिलं ते, तिसऱ्यात किती काळ पाहिलं ते, आणि चौथ्यात त्यांच्याशी शेवटचं कधी बोललात ते.

दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे 'मी त्यांच्या वर्गात होते, ए मिळाला' एवढंच लिहिता येत असेल तर त्या प्राध्यापकांना पत्रातही तेवढंच लिहिता येणार. तिथे 'ऑफिस अवर्समध्ये दर आठवड्याला एंझाइम कायनेटिक्सवर वाद घालायचे, दुसऱ्या परीक्षेत कमी मार्क पडल्यावर सगळे पेपर घेऊन बसले' असं काही असेल, तर तिथे पत्र आहे.

चौथा रकाना बहुतेकांना अस्वस्थ करतो. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याकडे शिकलो त्यांना नंतर एकदाही ईमेल केलेला नसतो. हे जानेवारीत लक्षात आलं तर दुरुस्त करता येतं. जाऊन भेटा आणि सध्या काय करताय ते सांगा. पत्राचा विषय त्या भेटीत काढायची घाई नको.

दुसरी पायरी: लॅबमधली पत्रं

इथे मी थांबून लिहिणार आहे, कारण एमडी-पीएचडीचा अर्ज इथेच जमतो किंवा बिघडतो.

ॲमकॅस म्हणजे मेडिकल कॉलेजांना अर्ज करायची सामाईक ऑनलाइन यंत्रणा. तिच्या अर्जात एमडी-पीएचडीवाल्यांना दोन जादा निबंध लिहावे लागतात. एक ३,००० कॅरेक्टर्सचा, ही दुहेरी पदवी का हवी यावर. दुसरा १०,००० कॅरेक्टर्सपर्यंतचा, आतापर्यंत केलेल्या महत्त्वाच्या संशोधनावर. त्यात लॅब कुठली, किती काळ काम केलं, मार्गदर्शक कोण, हे सगळं येतं. समितीतला माणूस हा निबंध एका बाजूला ठेवतो आणि पत्रं दुसऱ्या बाजूला. निबंधात दोन वर्षांच्या कामाबद्दल भरभरून लिहिलंय आणि त्या लॅबच्या प्रमुखाचं पत्रच नाही, हे त्याला पहिल्या दोन मिनिटांत दिसतं. मग तो विचारतो, का नाही? या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुम्ही त्या खोलीत नसता.

म्हणून माझा नियम असा: ज्या लॅबमध्ये तुम्ही खऱ्या अर्थाने काम केलंत, म्हणजे एक पूर्ण उन्हाळा किंवा त्याहून जास्त, त्या प्रत्येक लॅबचं पत्र हवं. अशा तीन लॅब असतील तर तीन पत्रं. पहिल्या वर्षी सहा आठवडे फक्त बाटल्या धुतल्या असतील आणि त्या लॅबचा निबंधात उल्लेख नसेल, तर तिथलं पत्र सोडलं तरी चालतं.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. लॅबचे प्रमुख नावाजलेले आहेत, पण मला ओळखतात ते लॅब मीटिंगपुरतं. रोज शेजारी उभं राहून शिकवलं ते पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडी झाल्यावर लॅबमध्ये काम करणाऱ्या तरुण संशोधकाने. मग पत्र कोणाचं घ्यायचं?

दोघांचं, एकाच पत्रात. पोस्टडॉक मसुदा लिहितो, कारण पाहिलेलं त्याच्याकडे आहे. प्रमुख त्यात आपलं मत घालतात, तुमची तुलना आतापर्यंत लॅबमध्ये आलेल्या इतर विद्यार्थ्यांशी करतात, आणि दोघं सही करतात. ही इथली रूढ पद्धत आहे, त्यात कमीपणा काही नाही. एकट्या पोस्टडॉकचं पत्र समितीला थोडं हलकं वाटतं. त्याने अजून फारसे विद्यार्थी पाहिलेले नसतात, तर तुलना कशाशी करणार? आणि एकट्या प्रमुखाचं, न पाहता लिहिलेलं पत्र त्याहून हलकं. मी एकदा एका फार मोठ्या नावाचं पत्र वाचलं होतं. नऊ ओळी. त्यातल्या सहा ओळी लॅबच्या संशोधनाबद्दल होत्या. उरलेल्या तिनांत मुलगी 'मेहनती आणि सगळ्यांशी मिळून वागणारी' असल्याचं म्हटलं होतं. टेबलाभोवती सगळे गप्प झाले. तिचा निबंध उत्तम होता, पण निबंधात ती स्वतः बोलत होती. तिच्या वतीने बोलायला कोणीच आलं नव्हतं.

म्हणून प्रमुखांना विचारताना स्वतःच सुचवा: "माझं रोजचं काम यांनी पाहिलंय. त्यांच्याकडून मसुद्यासाठी मदत घ्यायला तुमची हरकत नाही ना?" बहुतेक प्रमुखांना बरंच वाटतं. त्यांचंही काम हलकं होतं.

चांगल्या लॅब-पत्रात काय असतं, ते एका उदाहरणाने सांगते. माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. क्यूपीसीआर करत होती, म्हणजे नमुन्यातला डीएनए सायकलमागून सायकल वाढवत मोजायचा प्रयोग. प्रत्येक प्लेटवर एक नळी अशी ठेवतात की जिच्यात डीएनए घातलेलाच नसतो. त्या नळीची रेषा सपाट राहायला हवी. हिच्या प्लेटवर ती ३१व्या सायकलला हळूच वर चढली. खऱ्या नमुन्यांच्या रेषा खूप आधी चढलेल्या होत्या, त्यामुळे कोणी म्हणालं असतं की चालतंय, दुर्लक्ष करू. तिने तीन आठवड्यांच्या मागच्या सगळ्या प्लेट्स उघडून पाहिल्या. दोन प्लेट्सवर तेच. मग एकेक रिएजंट बदलत बदलत शोध घेतला, तर पाण्याची एक नळी दूषित झालेली निघाली. पुढच्या गुरुवारच्या लॅब मीटिंगमध्ये ती उभी राहिली आणि म्हणाली, माझा गेल्या तीन आठवड्यांचा डेटा धरू नका. मी विचारण्याआधी, कोणाच्या लक्षात येण्याआधी. तिच्या पत्रात मी हा प्रसंग जवळजवळ एवढ्याच तपशिलाने लिहिला. 'प्रामाणिक' हा शब्द एकदाही वापरावा लागला नाही.

समितीला लॅब-पत्रातून जे हवं असतं ते साधारण असं: या विद्यार्थ्याने स्वतःचा असा एखादा प्रश्न विचारला का? प्रयोग फसल्यावर काय केलं? आपण होऊन वाचतो का, की सांगितलं तेवढंच करतो? आणि लिहिणाऱ्याला विचारलं, 'हा विद्यार्थी तुमच्या लॅबमध्ये पीएचडीला आला तर घ्याल का?' तर उत्तर काय? शोधनिबंधावर नाव असणं चांगलंच, पण पत्रात या प्रश्नांची उत्तरं असतील तर नाव नसलं तरी फार अडत नाही. ज्याच्या डोक्यात या उत्तरांसाठी प्रसंग आहेत, तो तुमचा पत्रलेखक.

बाकीची पत्रं

यांचं काम सोपं आहे, म्हणून झटपट सांगते. अनेक मेडिकल कॉलेजांना विज्ञान शिकवणाऱ्या दोन प्राध्यापकांची आणि विज्ञानाबाहेरच्या एकाची पत्रं लागतात. हे नियम कॉलेजागणिक वेगळे असतात, म्हणून यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा नियम तपासून एका तक्त्यात लिहून ठेवा. विज्ञानाबाहेरचे प्राध्यापक निवडताना, ज्यांनी तुमचं लेखन वाचलंय किंवा ज्यांच्या छोट्या वर्गात तुम्ही बोललात अशांना विचारा. इतिहासाच्या किंवा भाषेच्या प्राध्यापकांचं एक जिवंत पत्र अर्जाला वेगळीच उंची देतं.

एक पत्र रुग्णांच्या संदर्भातलं असावं. तुम्ही ज्या फ्री क्लिनिकमध्ये, हॉस्पिसमध्ये किंवा हॉस्पिटलात वर्षभर जात होता, तिथल्या माणसाचं. इथे डॉक्टरच हवेत असं नाही. स्वयंसेवकांची जबाबदारी असलेल्या नर्सने किंवा समन्वयकाने तुम्हाला रुग्णाशी बोलताना पाहिलं असेल, तर त्यांचं पत्र दोन दिवस ज्यांच्या मागे फिरलात त्या सर्जनपेक्षा कितीतरी वजनदार.

तुमच्या कॉलेजात प्रीमेड समितीचं, म्हणजे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांना मदत करणाऱ्या समितीचं, एकत्रित पत्र मिळत असेल तर ते घ्याच. अशा कॉलेजातल्या मुलाने ते घेतलं नाही तर का घेतलं नाही, असा प्रश्न उठतो. या समित्यांचं वेळापत्रक स्वतःचं असतं. मुलाखती आणि फॉर्म बऱ्याच ठिकाणी अर्जाच्या आधीच्या हिवाळ्यातच सुरू होतात, म्हणून दुसऱ्या वर्षातच ऑफिसमध्ये जाऊन तारखा विचारा. ही माहिती घरच्यांना जवळजवळ कधीच नसते.

ॲमकॅसमध्ये एकूण १० पत्रं घालता येतात. १० घालायलाच हवीत असं नाही. पाच ते सात चांगली पत्रं पुरेत. आठवं पत्र जर मधलं-मधलं असेल, तर ते आधीच्या सातांचाही रंग फिका करतं.

कोणाला विचारू नये

काका, मामा, वडिलांचे मित्र, महाराष्ट्र मंडळातले डॉक्टर. त्यांनी प्रेमाने लिहिलं तरी ते घरचं प्रेम म्हणूनच वाचलं जातं, आणि कित्येक कॉलेजं नातेवाइकांची आणि घरोब्यातल्यांची पत्रं नकोत असं स्पष्ट सांगतात. हे मी फोनवर सांगते तेव्हा पलीकडे थोडी शांतता होते, कारण त्या काकांना बहुतेक वेळा आधीच विचारून झालेलं असतं. त्यांना त्यापेक्षा मुलाखतीची तयारी करून घ्यायला सांगा. ती मदत खरी आहे.

शाळेतले शिक्षक नकोत, कितीही आवडते असले तरी. आमदार, खासदार, नगरसेवक नकोत. तुमच्या वर्गाला शिकवणारा टीए (प्राध्यापकांचा मदतनीस) तुम्हाला प्राध्यापकांपेक्षा जास्त ओळखत असेल तर तिथेही पोस्टडॉकचीच रीत, मसुदा त्याचा आणि सही दोघांची.

आणि ज्यांना पत्राबद्दल विचारताना तुमच्या पोटात गोळा येतो, त्यांच्याबद्दल नीट विचार करा. कधी कधी तो फक्त संकोच असतो. कधी तुमचं मन तुम्हाला खरं तेच सांगत असतं.

विचारायचं कसं: भिडेचा प्रश्न

आपल्या मुलांना भीड फार. ती दोन्ही बाजूंनी नडते. विचारायला भीड वाटते म्हणून मुलं मेपर्यंत थांबतात. आणि समोरच्यालाही नाही म्हणायची भीड वाटते, म्हणून तो हो म्हणतो आणि भिडेपोटी चार गुळगुळीत ओळी लिहून देतो. भिडेपोटी लिहिलेलं पत्र वाचणाऱ्याला लगेच कळतं.

म्हणून असं विचारा की नाही म्हणणं त्यांना सोपं जाईल. मार्चमध्ये, शक्य असेल तर समोरासमोर भेटून, नाहीतर व्हिडिओ कॉलवर. शब्द साधारण असे असावेत: "मी या वर्षी एमडी-पीएचडीला अर्ज करतेय. माझं काम तुम्ही जेवढं पाहिलंय त्यावरून माझ्यासाठी भक्कम पत्र लिहिता येईल असं तुम्हाला वाटतं का? वेळ नसेल किंवा पुरेसं ओळखत नाही असं वाटत असेल तर मोकळेपणाने सांगा. मी दुसऱ्या कोणाला विचारेन, मला वाईट वाटणार नाही."

मग उत्तराकडे नीट कान द्या. "अगदी आनंदाने!" म्हणजे हो. "हो, लिहीन की, पण तू मला थोडी माहिती पाठव" हेही हो, आणि चांगलं हो. पण "हो... म्हणजे, अजून कोणाचं मिळत नसेल तर..." किंवा "मी तुझ्या ग्रेडबद्दल लिहू शकेन" असं आलं, तर आभार मानून दुसरीकडे वळा. त्यांनी त्यांच्या परीने नाही म्हटलंय.

आईबाबांना एक कळकळीची विनंती: प्राध्यापकांना तुम्ही ईमेल किंवा फोन करू नका, आठवण द्यायलासुद्धा नाही. त्या फोननंतर तुमच्या मुलाबद्दल 'स्वतंत्रपणे काम करतो' असं लिहिणं त्यांना अवघड होऊन बसतं.

पत्रलेखकाच्या हातात काय द्यायचं

हो म्हटल्यावर आठवडाभरात एका ईमेलमध्ये सगळं पाठवा: सीव्ही, ट्रान्सक्रिप्ट, निबंधांचे कच्चे मसुदे, तारीख, पत्र कुठे अपलोड करायचं त्याच्या सूचना. मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने, म्हणजे एएएमसीने, पत्रलेखकांसाठी एक छोटं मार्गदर्शक पत्रक काढलेलं आहे. तेही जोडा. लॅबबद्दल किंवा कोर्सबद्दल कमी लिहा आणि विद्यार्थ्याबद्दल जास्त, हे त्यात सांगितलेलं आहे. प्राध्यापकाला हे तुमच्या तोंडून सांगणं अवघड जातं, म्हणून पत्रकालाच बोलू द्या.

याशिवाय एक पान असं द्या की जे मी माझ्या मुलांकडून आवर्जून मागते. मी त्याला आठवणींचं पान म्हणते. त्यात चार-पाच प्रसंग, प्रत्येकी दोन-तीन ओळी: कधी, काय झालं, तुम्ही काय केलंत. स्वतःचं कौतुक नको, विशेषणं नकोत, फक्त घटना. 'ऑक्टोबरमध्ये सेल लाइन दूषित झाली तेव्हा फ्रीझरमधल्या जुन्या व्हायल्समधून पुन्हा सुरुवात केली, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातही येऊन पेशींचं मीडिया बदललं.' मला वर्षाला चार-पाच पत्रं लिहायची असतात. अशा पानाने माझी आठवण जागी होते, आणि पत्र खरं होतं. प्रत्येक पत्रलेखकाला वेगळं पान द्या. सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली तर गठ्ठ्यात सात पत्रं असूनही माणूस एकाच बाजूने दिसतो.

विशेषणांबद्दल मुलींना खास सांगायचंय. ट्रिक्स आणि सेन्का या दोन संशोधकांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल स्कूलमध्ये प्राध्यापक म्हणून निवड झालेल्यांच्या तीनशेवर शिफारसपत्रांचा तो अभ्यास होता. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत कष्टाळूपणाचे उल्लेख जास्त होते आणि संशय निर्माण करणारी वाक्यंही जास्त होती. आपल्याकडे तर मुलीचं कौतुक करायचं म्हणजे 'कष्टाळू, शांत, मनमिळाऊ' हे शब्द तोंडावरच असतात. हे गुण वाईट नाहीत, पण शास्त्रज्ञ निवडताना ते पुरत नाहीत. म्हणून आठवणींच्या पानात तुम्ही किती तास बसलात यापेक्षा तुम्हाला काय सुचलं, कुठे तुमचं म्हणणं बरोबर निघालं, कोणता निर्णय तुम्ही घेतलात, अशा घटना घाला.

यंत्रणेच्या बारीक गोष्टी

ॲमकॅसचा अर्ज मेच्या सुरुवातीला भरायला खुला होतो आणि मेच्या अखेरीपासून पाठवता येतो. प्रत्येक पत्राची नोंद करताच त्याला एक क्रमांक मिळतो. तो क्रमांक आणि विनंतीचा फॉर्म पत्रलेखकाला पाठवायचा असतो. पत्र लेटरहेडवर, तारीख आणि सहीसकट हवं. ते ॲमकॅसवर थेट अपलोड करता येतं किंवा इंटरफोलिओसारख्या, पत्रं साठवून ठेवणाऱ्या ऑनलाइन सेवेतून पाठवता येतं.

पत्रं पोहोचली नसली तरी अर्ज पाठवता येतो आणि त्याची तपासणी सुरू होते, म्हणून एका पत्रासाठी अर्ज अडवून ठेवू नका. पण मेडिकल कॉलेजं अर्ज येतील तसे वाचत जातात. पत्रांशिवाय फाइल पूर्ण होत नाही. जूनअखेर सगळी पत्रं आत असतील असं धरून चाला आणि पत्रलेखकांना १५ जून ही तारीख द्या.

कोणतं पत्र कोणत्या कॉलेजला जाईल ते तुम्हीच ठरवता. अर्ज पाठवल्यानंतर नवीन पत्र जोडता येतं, पण आधी नोंदवलेलं खोडता येत नाही. त्यामुळे ज्यांचं नक्की नाही त्यांचं नाव सुरुवातीला घालू नका. पत्र येणारच नाही असं झालं तर तशी खूण करायची सोय असते.

पत्र स्वतः पाहण्याचा हक्क सोडायचा का, असा एक प्रश्न फॉर्मवर असतो. हा हक्क विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलच्या १९७४च्या फेर्पा कायद्यातून आलेला आहे. तो सोडा. तुम्हाला दिसणार आहे हे माहीत असलेल्या पत्रावर वाचणाऱ्याचा विश्वास कमी बसतो, आणि काही प्राध्यापक तर हक्क सोडल्याशिवाय लिहितच नाहीत.

एक वर्ष गॅप घेऊन एनआयएचमध्ये किंवा एखाद्या लॅबमध्ये पूर्णवेळ काम करत असाल, तर त्या लॅबचं पत्र हवंच, जरी तिथे जाऊन सात-आठ महिनेच झाले असले तरी. कॉलेजच्या प्राध्यापकांची पत्रं कॉलेज सोडतानाच, आठवण ताजी असताना, इंटरफोलिओमध्ये जमा करून ठेवा. पुन्हा अर्ज करावा लागला तर ॲमकॅस आदल्या वर्षीची पत्रं ठेवत नाही, ती नव्याने पाठवावी लागतात. तेव्हा जुनंच पत्र तारीख बदलून पाठवण्यापेक्षा त्यात वर्षभरातलं नवीन काम घालायला सांगा.

आठवण देण्याबद्दल: तारखेच्या तीन आठवडे आधी एक छोटी ईमेल, एक आठवडा आधी दुसरी. दोन ओळी पुरेत. प्राध्यापकांना याचा राग येत नाही. मला तर हायसं वाटतं.

अडचणीची प्रकरणं

लॅबप्रमुखांशी बिनसलं असेल तर काय? हे घडतं, आणि दर वेळी चूक मुलाचीच असते असं नाही. त्यांनी नाही म्हटलं, किंवा त्यांचं पत्र तुमच्या विरोधात जाईल अशी रास्त भीती असेल, तर त्याच लॅबमधल्या दुसऱ्या ज्येष्ठ माणसाचं पत्र घ्या. किंवा त्या प्रकल्पात भागीदार असलेल्या शेजारच्या लॅबच्या प्रमुखांचं. आणि तुमच्या कॉलेजच्या प्रीमेड सल्लागाराला सगळं खरं सांगा. समितीच्या पत्रात ते एका वाक्यात, कोणालाही दोष न देता, खुलासा करू शकतात. फक्त लपवायला जाऊ नका. मुलाखतीत त्या लॅबबद्दल विचारलं जातंच, तेव्हा दोन शांत वाक्यांचं उत्तर तयार ठेवा.

प्रमुख दुसऱ्या विद्यापीठात गेले असतील तर काहीच बिघडत नाही, नव्या लेटरहेडवरचं पत्र चालतं. निवृत्त झाले असतील तरी चालतं.

महाराष्ट्रातून थेट पीएचडीला अर्ज करणाऱ्यांसाठी

एमबीबीएस झालेल्यांना अमेरिकेत बहुधा एमडी-पीएचडी नव्हे तर सरळ पीएचडीलाच अर्ज करावा लागतो. एमएस्सी आणि बी. टेक.वाल्यांचंही तसंच. इथे तीन पत्रं लागतात आणि बऱ्याच कार्यक्रमांची मुदत १ डिसेंबरच्या आसपास संपते. वर सांगितलेलं जवळजवळ सगळं लागू होतं, पण आपल्याकडच्या दोन सवयी इथे फार नडतात.

पहिली: एचओडींचं (विभागप्रमुखांचं), प्राचार्यांचं, डीनचं पत्र. त्यांनी तुम्हाला प्रयोग करताना पाहिलेलं नसतं. त्याऐवजी आयसर, एनसीसीएस, टीआयएफआर किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या संशोधन संस्थेत सहा महिन्यांचं प्रोजेक्ट केलं असेल, विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप केली असेल, किंवा एमबीबीएस करताना आयसीएमआरचं एसटीएस (विद्यार्थ्यांसाठीचं छोटं संशोधन प्रोजेक्ट) केलं असेल, तर तिथल्या मार्गदर्शकांना विचारा. तीनपैकी निदान दोन पत्रं संशोधनाच्या मार्गदर्शकांची हवीत.

दुसरी: "तूच लिहून आण, मी सही करतो." हे ऐकलं नाही असा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. मुलं मग रात्री बसून तीन सरांच्या नावाने तीन पत्रं लिहितात, आणि तिन्हींची भाषा, चुका, लाडके शब्द एकच असतात. शेकडो पत्रं वाचलेल्या माणसाला ते कळतं, आणि मग साऱ्या अर्जावरचा विश्वास उडतो. सरांसमोर ताठ नकार देणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. मी सुचवते तो मार्ग असा: "सर, पत्र मी लिहिलं तर ते तुमचं होणार नाही. मी तुम्हाला मुद्दे लिहून देतो, कोणता प्रयोग, काय अडचण आली, काय निघालं. त्यावरून तुम्ही सांगा, मी समोर बसून टाइप करतो." दहापैकी बरेच सर यावर तयार होतात. बोलायला लागले की तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टीही सांगतात. टाइप झालेला मजकूर त्यांनी एकट्याने वाचून, हवा तसा बदलून, स्वतःच्या लॉगिनने पाठवावा असा आग्रह धरा. तरीही सर तयार नसतील तर पत्र दुसऱ्या मार्गदर्शकांकडून घ्या.

आणि सरांचा संस्थेचा ईमेल पत्ता द्या, जीमेलचा नको. पत्र अपलोड करायची, विद्यापीठाकडून येणारी लिंक बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरांच्या केबिनमध्ये जाऊन, त्यांच्यासमोर ती शोधून उघडून द्या. फॉर्मवर अनेकदा 'तुमच्या पाहण्यातल्या विद्यार्थ्यांपैकी वरच्या किती टक्क्यांत?' असे रकानेही असतात. ते घाईत भरले जाऊ नयेत म्हणून सरांना याची आधी कल्पना द्या.

पत्र गेल्यानंतर

पत्र पोहोचल्याची खूण दिसली की त्याच दिवशी आभाराची ईमेल पाठवा. मुलाखतीचं बोलावणं आलं की कळवा. कुठली कॉलेजं बोलावताहेत हे कळलं की कित्येक जण तिथल्या ओळखीच्या शास्त्रज्ञांबद्दल आपण होऊन सांगतात, आणि मुलाखतीत कोणाला भेटायला मागावं ते कळतं. हिवाळ्यात नवा शोधनिबंध आला, पुरस्कार मिळाला, तर तेही सांगा. काही कॉलेजं नवीन माहितीचं पत्र स्वीकारतात आणि लॅबप्रमुख त्यात दोन ओळींची भर घालू शकतात.

मेडिकल कॉलेजांच्या वेळापत्रकात ३० एप्रिलपर्यंत एक कॉलेज पक्कं करायचं असतं. ते झालं की सगळ्या पत्रलेखकांना, त्या फ्री क्लिनिकमधल्या नर्सलासुद्धा, तुम्ही कुठे जाताय ते कळवा. क्यूपीसीआरवाल्या माझ्या विद्यार्थिनीने एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लॅबमध्ये येऊन सांगितलं होतं, आणि मग पोस्टडॉकच्या बेंचपाशी जाऊन त्यालाही वेगळं सांगितलं. त्याने हातातलं पिपेट खाली ठेवलं आणि विचारलं, "तिथे क्यूपीसीआरचं पाणी कोण भरतं, ते बघून ठेवलंस ना?"